कालव्याच्या वाटेने माहेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावाहून कोणी शिकलेल्या बाई येतात आणि आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात. यंदा चिटणीसबाईंच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी मला उभे केले. "तुम्ही त्या सायकलीचे सांगा," म्हणाल्या. मी सातवी शिकलेली बाई. शेतात आणि नळावर बोलणे वेगळे आणि असे ध्वनिक्षेपकापुढे बोलणे वेगळे. तेव्हा चुकेल ते पोटात घाला. कालव्याकाठच्या मुरुमाच्या वाटेवर गेल्या दोन वर्षांत जे पाहिले आणि जे भोगले, तेवढेच सांगते.

तुमच्यापैकी बहुतेकींनी मला सायकलीवर पाहिले आहे. काहीजणी हसल्या, काहीजणींनी आमच्या सासूबाईंना विचारले की, "सूनबाईला काय झालं?" मी कोणावर रागावले नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हसलेच असते.

आधी त्या वाटेविषयी सांगते. आपण सगळ्या ज्याला क्यानल म्हणतो तो जायकवाडीचा डावा कालवा. आपण त्याचे पाणी भरतो, त्यावर धुणे धुतो, पण तो आला कोठून आणि निघाला कधी हे मला स्वतःला ठाऊक नव्हते. मुलीने आणि ग्रंथालयातल्या बाईंनी मिळून ते शोधून दिले. पैठणला गोदावरीवर जे धरण आहे त्याची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली. पुढे तीन महिन्यांच्या आत शास्त्रीजी गेले. धरण पुरे झाल्यावर २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. त्या जलाशयाखाली शंभरावर गावे गेली. आपण हंडा भरतो तेव्हा कोणाची तरी चूल त्या पाण्याखाली आहे, एवढे आपण विसरू नये.

धरणातून दोन कालवे निघाले. उजवा १३२ किलोमीटरांचा, तो अहिल्यानगर आणि बीड जिल्ह्यांकडे जातो. आपला डावा २०८ किलोमीटरांचा. तो छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्हे ओलांडून आपल्या पाथरी, मानवत, परभणी या भागांत येतो. डावा का, तर नदी जिकडे वाहते तिकडे तोंड करून उभे राहिले की जो आपला डावा हात, तो नदीचा डावा काठ. आपली गंगा पूर्वेला वाहते, म्हणून कालवा तिच्या उत्तरेला राहतो. कालव्याचे पाणी आपल्या वजनाने उतरते, वर चढत नाही. म्हणून कालवा आणि गंगा यांच्या मधली, उताराची जमीन तेवढी भिजते. कालव्याच्या वरच्या अंगाची जमीन पाण्याला लागून असूनही कोरडी. या वाटेने जाताना एका हाताला ऊस, गहू, हिरवे वावर आणि दुसऱ्या हाताला तूर, कापूस, कोरडवाहू असे सारखे दिसत राहते. दोन सख्खे भाऊ वाटणीत एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला गेले, त्यांच्या घरांत काय फरक पडला, ते मी या वाटेवर जाता येता पाहते. पुस्तकात शिकले असते तर एवढे कळले नसते.

कालव्याच्या भरावावर जी वाट आहे ती मुळात आपल्यासाठी नाही. कालव्याची देखभाल करणाऱ्यांची जीप जावी, गेटे उघडता मिटता यावीत, भराव कोठे पाझरतो ते बघता यावे, म्हणून ती ठेवली आहे. आपण तेथे पाहुण्या, हे ध्यानात ठेवून वागले पाहिजे. ती मुरुमाची का, तेही समजण्यासारखे आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. अशा मातीवर सिमेंटचे अस्तर नुसते बसवले तर माती फुगून ते उचलते आणि फोडते. म्हणून काळ्या मातीच्या जागी अस्तराच्या पाठीला मुरूम दाबून भरतात. वाटेवरही मुरूम पसरतात, कारण काळ्या मातीच्या वाटेवर पावसाळ्यात बैलगाडीची चाकेही फिरत नाहीत, जीप तर दूरच.

या वाटेचा दुसरा गुण असा की तीवर चढउतार नाही. पाणी वाहावे एवढाच, काही हजार फुटांना एखादा फूट असा कालव्याला उतार असतो, आणि वाटही पाण्याच्या सोबतीने तशीच जाते. ओढा आडवा आला तर त्याला खालून काढून देतात किंवा कालवा पुलासारखा वरून नेतात. गंगेच्या काठाने असे जाता येत नाही. तेथे दर फर्लांगावर घळ आडवी येते, उतरा आणि चढा. कालव्याची वाट वळणे घेते खरी, कारण पातळी सोडायची नाही म्हणून तो जमिनीच्या उंचवट्यांना वळसा घालत जातो. पण बाईमाणसाच्या गुडघ्यांना वळण चालते, चढ चालत नाही. शिवाय तेथे ट्रक नाही, ट्रॅव्हल्सची बस नाही, उसाचा ट्रॅक्टर क्वचित. डांबरी रस्त्यावर आपल्या पाठीमागे भोंगा वाजला की आपण सायकलीसकट खड्ड्यात. कालव्यावर आपल्यामागे वाजतो तो फार तर खंड्या पक्षी.

परदेशांत अशा वाटांना फार मान आहे म्हणतात. फ्रान्समध्ये एक कालवा १६८१ साली खुला झाला, सुमारे २४० किलोमीटरांचा. इंग्लंडातही तसे पुष्कळ आहेत. त्या कालव्यांतून मालाच्या नावा चालत आणि काठावरून घोडे दोरखंडाने त्या ओढीत. नावा गेल्या, घोडे गेले, घोड्यांची वाट राहिली, तीवर आता लोक सायकली चालवतात. हॉलंड नावाचा देश तर आपल्या शिवारासारखाच सपाट. तेथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. त्यांच्या वाटा घोड्यांनी घातल्या, आपली जीपगाडीने घातली, एवढाच फरक.

आता माझे सांगते.

माझे माहेरही कालव्याकाठचे आणि सासरही कालव्याकाठचे. माहेर वरच्या अंगाला, पश्चिमेला. सासर खाली, पूर्वेला. आईने ज्या पाण्यात धुणे धुवावे तेच पाणी दुसऱ्या दिवशी माझ्या दारावरून जावे, असे आमचे नाते. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पुढच्या गावाला, कालव्याच्या वाटेने सहा किलोमीटर. मी १९९४ साली सातवी पास झाले. माझा थोरला भाऊ तेव्हा नववीत होता आणि रोज याच वाटेने वडलांच्या मोठ्या सायकलीवर जात असे. सुरुवातीला पाय पुरत नसत तर दांड्याच्या खालून पाय घालून चालवी. मी दादाला म्हणाले, मला मागे बसवून ने. दादा तयार होता. पण घरात ठरले की पोरीने कालव्याच्या निर्जन वाटेने जायचे नाही, आणि सायकल शिकायचे तर नावच नको. माझी पुस्तके शेजारच्या मुलीला दिली. कोणी मारले नाही, रागावले नाही. शाळा सुरू झाली त्या दिवशी मला निंदायला नेले, एवढेच. त्या दिवशी दादा वरून भरावावरून गेला आणि मी खालच्या वावरात खुरपे घेऊन बसले होते, हे मात्र मला आजही दिसते.

मी आईवडलांना दोष देत नाही. वाट होती, सायकल होती, परवानगी नव्हती. त्या वेळी सगळ्याच घरांत असे होते. पण त्याच सुमाराला दुसरीकडे काय चालले होते ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. तामिळनाडूत पुदुकोट्टई म्हणून आपल्यासारखाच कोरडवाहू, गरीब जिल्हा आहे. तेथे १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरतेची मोहीम निघाली. शीला राणी चुंकत नावाच्या बाई तेथे जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचेही काम मोहिमेत घेतले. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. पाणी आणायला, माल विकायला, पोरांना शाळेत सोडायला सायकलीवर जाऊ लागल्या. पुढे २००६ साली बिहार सरकारने नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली आणि नववीत जाणाऱ्या मुलींची संख्या त्यामुळे चांगलीच वाढली. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या. मी वाचले तेव्हा मनात आले, मी वीसएक वर्षे आधी जन्माला आले.

माझ्या धाकट्या मुलीला आठवीत अशी सायकल मिळाली. तिची शाळा खालच्या अंगाला चार किलोमीटर, कालव्यावरूनच. ती पहिल्यांदा सायकलीवर गेली त्या दिवशी मी भरावावर उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते. संध्याकाळी ती आली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "तुला शिकायचीय का गं?" मी "वेडी की काय" म्हणाले. पण रविवारी पहाटे, दूध काढून झाल्यावर, आम्ही दोघी खळ्यावर गेलो.

त्रेचाळीस वर्षांची बाई सायकल शिकते म्हणजे काय होते ते सांगते. पहिले चार रविवार नुसती पडले. कोपर फुटले, पोटरीला पायंडल लागून काळेनिळे झाले. मुलगी मागे धरून धावायची आणि ओरडायची, "खाली बघू नको, लांब बघ." सगळी गोष्ट त्यातच आहे. चाकाकडे पाहिले की पडलेच. पाचव्या रविवारी मी बोलत बोलत गेले, उत्तर आले नाही म्हणून मागे वळून पाहिले, तर ती खूप मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. ते पाहिले आणि पुन्हा पडले. पण त्या पडण्याचे मला काही वाटले नाही.

लुगड्याचे काय, असे तुम्ही विचाराल. साखळीवर झाकण असलेली, दांडा नसलेली बायकांची सायकल घ्यावी. पाचवारी साडीच्या निऱ्या जरा वर खोचून पदर कमरेला घट्ट बांधला की काही अडत नाही. नऊवारी नेसणाऱ्यांना तर तेवढेही करावे लागत नाही. या बाबतीत आपल्या आज्या आपल्यापेक्षा पुढे होत्या. चाकांत हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे मुरुमावर सायकल उड्या मारीत नाही आणि घसरत नाही. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून पायात जातो, टायरला तो काय जुमानतो! म्हणून पंप आणि पंक्चरचे सामान जवळ ठेवावे. पंक्चर काढायला मी आता शिकले आहे. भाकरी थापणाऱ्या हाताला ते मुळीच अवघड नाही.

शिकल्यावर दोन महिन्यांनी मी माहेरी गेले. एस.टी.ने माझे माहेर म्हणजे दोन गाड्या. आधी तालुक्याला जायचे, तेथे ताटकळायचे, मग दुसरी गाडी. सकाळी निघालेली बाई जेवायच्या वेळेला पोचते आणि दोन तास बसून परतीच्या गाडीच्या काळजीला लागते. म्हणून पंचमीला आणि दिवाळीला, अशी वर्षातून दोनदा जायची. आई आता सत्तरी ओलांडलेली. कालव्याने ते अंतर सतरा किलोमीटर आहे.

पहाटे सहाला निघाले. सासूबाईंना मैत्रिणीकडे जाते असे सांगितले होते. ते खोटे होते, आज सगळ्यांसमक्ष कबूल करते. पौषाची थंडी होती. पाण्यावरून धूर निघावा तसे धुके निघत होते. बगळे काठाला रांगेने बसले होते. हरभऱ्याच्या वावरातून आंबट वास येत होता. अकराव्या किलोमीटरला एक पूल लागतो, तेथून हायस्कूलची इमारत दिसते. मी तेथे उतरले. प्रार्थना चालू होती. फाटकाशी शिपाईबुवा होते, त्यांनी विचारले, "कोणाला भेटायचंय?" मी म्हणाले, "कोणाला नाही." आणि पुढे निघाले. तेथून माझे माहेर सहा किलोमीटर. घड्याळ लावले. मुरुमाच्या वाटेने, थांबत थांबत, मला पस्तीस मिनिटे लागली. भगिनींनो, ते अंतर मी तीस वर्षे मनात डोंगराएवढे करून ठेवले होते. ते पस्तीस मिनिटांचे निघाले.

आई दारात तांदूळ निवडत होती. तिने आधी सायकल पाहिली, मग मला पाहिले. उठून सायकलीच्या हॅन्डलावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही तुझी?" मी म्हणाले, "नातीची." मग ती बराच वेळ काही बोलली नाही. चहा करताना चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तवा म्या बोलाय पायजे होतं." मी म्हणाले, "जाऊ दे आता." त्यानंतर मी महिन्यातून एक रविवार तिच्याकडे जाते. तिचे केस विंचरते, दुपारी तिच्याशेजारी आडवी होते, चारला निघते. जाताना पश्चिमेला तोंड म्हणून सकाळचे ऊन पाठीला, येताना पूर्वेला तोंड म्हणून संध्याकाळचेही ऊन पाठीला. वाऱ्याचा न्याय मात्र उलटा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून माहेरी जाताना तो तोंडावर येतो आणि सासरी येताना मागून ढकलतो. लवकर जा म्हणतो!

आता जे सांगायचे आहे ते हसण्यासारखे नाही. मी आज उभी राहिले ती खरे तर यासाठी.

मागच्या फेब्रुवारीत रब्बीचे आवर्तन चालू होते, कालवा भरून वाहत होता. मी माहेराहून परत येत होते, घर तीन किलोमीटर राहिले होते. अंधार पडायच्या आत पोचावे म्हणून घाईत होते. पाण्याच्या कडेला जी मातीची वरंबी असते ती तेथे झिजून गेली होती. मी त्याच बाजूच्या चाकोरीतून जात होते, कारण तिकडचा मुरूम जास्त दबलेला. वळणावर सुट्या मुरुमावर पुढचे चाक सरकले. सायकल आणि मी, दोघी अस्तरावरून खाली. अस्तर सिमेंटचे, तिरपे, आणि पाण्याजवळ त्यावर शेवाळ. सायकल माझ्या डोळ्यांसमोर बुडाली. मी गुडघ्यापर्यंत पाण्यात होते आणि वर चढावे म्हणून हात टेकला की एक वीत आणखी खाली जात होते. धरायला काही नाही. ज्या फुटक्या अस्तराला आपण नावे ठेवतो, त्याच्याच एका भेगेत माझ्या पायाचा अंगठा अडकला, म्हणून मी थांबले. पाणी वरून शांत दिसते, पण पायाला ओढ लागते ती कळते. मला पोहता येत नाही. येत असते तरी त्या अस्तरावरून वर येता आले नसते.

मी ओरडले. खालच्या वावरात एक म्हातारेबुवा म्हशी घेऊन निघाले होते. त्यांनी म्हशीचा कासरा सोडला, भरावावर आले, पालथे पडले आणि कासरा खाली टाकला. मी तो मनगटाला गुंडाळला. त्यांनी ओढले. वर आल्यावर मी त्यांच्या पाया पडले, तर ते म्हणाले, "बाई, ह्या क्यानलात माझा बैल गेलाय. चांगला पोहणारा होता, पण वर येता आलं न्हाई." एवढेच बोलून ते म्हशींमागे गेले.

घरी आले ती ओली आणि सायकलीवाचून. मुलीला सांगितले. ती आधी म्हणाली, "तुला लागलं का?" आणि मग थोड्या वेळाने, हळूच, "आन् माझी शाळा?" तो प्रश्न मला पाण्यापेक्षा जास्त लागला. मी माझ्या हौसेपायी माझ्या मुलीची शाळा कालव्यात टाकली होती. आमचे हे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता पुरे झाले." त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. ते भ्यालेले होते.

सायकल नव्हती तोवर मी मुलीला चालत शाळेत पोचवले. अकरा दिवस. सकाळी चार किलोमीटर जाणे, मी परत येणे, संध्याकाळी पुन्हा आणायला जाणे. म्हणजे माझे दिवसाला सोळा किलोमीटर. त्या अकरा दिवसांत घरात भाजी धड झाली नाही, निंदणीला बाई लावावी लागली, पाय सुजले. पण एकही दिवस तिची शाळा बुडाली नाही. चालताना ती मला धडे वाचून दाखवायची. आठवीचे, नववीचे, जे मी कधी पाहिले नव्हते ते. एके सकाळी मनात आले, १९९४ साली मला कोणी अकरा दिवस असे पोचवले असते, तर बाराव्या दिवशी मी एकटी गेले असते. सुरुवातीचे थोडे दिवसच कोणीतरी बरोबर लागते.

आवर्तन बंद झाले तेव्हा सायकल खालच्या पुलाच्या खांबाला अडकलेली सापडली. गेटवर काम करणाऱ्या भाऊंनी निरोप दिला. साखळी गंजली होती, चाकांच्या छऱ्यांत वाळू गेली होती. सायकलवाल्याने सगळी उघडून धुऊन दिली. मी ठरवले होते की आता आपण तीवर बसायचे नाही. तेव्हा आमच्या सासूबाई, ज्यांना मी मैत्रिणीचे खोटे सांगितले होते, त्या ओसरीवरून म्हणाल्या, "पोहरा हिरीत पडला म्हणून पाणी शेंदायचं सोडतेत का? गळ टाकतेत, काढतेत, दुसरा दोर बांधतेत." आणि पुढच्या माहेरच्या रविवारी त्यांनी आपल्या हाताने भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला आणि बजावले, "आईला माझा नमस्कार सांग. आन् कडंनं जाऊ नको."

तेव्हापासून माझ्या कॅरियरला वीस हात कासरा असतो, त्याच्या टोकाला बूच लावलेला तेलाचा रिकामा डबा बांधलेला, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो. मी आता शेताच्या अंगाच्या चाकोरीतून जाते, कधीही पाण्याच्या अंगाने नाही. वळणावर आणि पुलाजवळ उतरून चालते. एकटी जात नाही, निदान दोघी. अंधाराच्या आत घर. पावसाळ्यात भराव ओला असला की जात नाही. कडेला बसून पाय धुवत नाही, आणि कोणी पाण्यात पडलेच तर मागे उडी मारायची नाही, दोर टाकायचा. उडी मारणारे दोन होतात.

आता आपल्या मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या शिवारातल्या प्रत्येक पुलाशी एक गाठी मारलेला दोर आणि एक तरंगता डबा आपण टांगून ठेवावा. दोराला फार खर्च येत नाही. आणि कालव्याच्या कार्यालयाकडे मंडळाच्या सह्यांचा अर्ज द्यावा की पुलांजवळ अस्तराला पायऱ्या किंवा लोखंडी साखळी बसवावी. धुणे धुणाऱ्या बायका, पोहणारी पोरे, गुरे, सगळ्यांनाच ती उपयोगी आहे. हे सायकलीचे काम नाही, जिवाचे काम आहे.

दुसरी, वेडी बाभूळ वाटेवर झुकली आहे. परवानगी घेऊन दोन रविवार आपण कोयते घेऊन गेलो तर शाळेपर्यंतची वाट मोकळी होईल. वाट मोकळी असली, लांबून दिसत असली, येता जाता बायका भेटत असल्या, तर कोणी तिला निर्जन म्हणणार नाही. ज्या कारणासाठी माझी शाळा सुटली ते कारण आपण सगळ्याजणी मिळून चार-सहा फेऱ्यांत काढून टाकू शकतो.

तिसरी विनंती संक्रांतीची. दरवर्षी आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, डबे. माझ्या मांडणीवर अशा चौदा गाळण्या आहेत. चहा गाळायला एक पुरते. यंदा प्रत्येकीने वाणाचे पैसे मंडळात द्यावेत आणि त्यातून बायकांची एक जुनी, चांगली दुरुस्त केलेली सायकल घ्यावी. ती मंडळाची. तीवर जिला शिकायचे तिने शिकावे, पडावे, पुन्हा शिकावे. म्हणजे कोणत्याही आईला आपल्या मुलीची सायकल मागावी लागणार नाही आणि कोणत्याही मुलीला आपल्या आईसाठी शाळेची काळजी करावी लागणार नाही. शिकवायला मी आहे. माझी मुलगीही आहे, पण ती फार ओरडते, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या महिन्यापासून आम्ही पाचजणी रविवारी पहाटे निघतो. पाचांत सायकली तीनच, म्हणून आळीपाळीने. एकीचे गुडघे दुखतात, एकीची साखर वाढलेली आहे, एकीला नुसते घराबाहेर पडायचे आहे. तिघींची माहेरे या कालव्याच्या काठावर आहेत. कोणाचे सात किलोमीटर, कोणाचे बारा. त्यांनी अजून घरी विचारलेले नाही. त्यांच्या घरची मंडळी या सभेत बसली असतील तर त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये, एवढीच माझी हात जोडून प्रार्थना आहे.

येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही देवळापाशी जमणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी यावे. सायकल नसली तरी चालेल, आणि येत नसली तरी चालेल. येताना पाण्याची बाटली आणावी आणि घरात खरे सांगून यावे.